लवंगेच्या डोळ्यांची भुतं

इंदू, युसूफभाईनं दिवाळीची भट्टी पेटवली. तुला कळवायला हवं म्हणून सांगतो. सकाळी स्टँडवरून पेपर घेऊन येत होतो, तर बेकरीच्या मागच्या बोळातून तो वास आला. तूप, वेलची आणि जळत्या लाकडांचा. दरवर्षी हा वास आला की तू पदर खोचायचीस आणि मी कपाळाला हात लावायचो. आज तिथंच फळीवर बसून राहिलो. युसूफभाईनं आतून पाहिलं. हातातलं काम टाकून बाहेर आला, शेजारी बसला. मग पत्र्यांवरची बिस्किटं करपायला लागली म्हणून उठून आत गेला.

घरी आलो आणि लिहायला बसलो. सगळे म्हणतात, सर, लिहून काढा, मन हलकं होईल. काही हलकं होत नाही. तुझा भाऊ पेपरात द्यायला तुझी माहिती मागत होता. जन्म कधीचा, शिक्षण किती, मागं कोण कोण आहे. मी दिली नाही. काय देणार होतो? ओतूरच्या एका आळीतल्या पोरांना ही बाई दर दिवाळीला भुतं खायला घालायची, हे छापलं असतं का त्यांनी?

हे खूळ सुरू कुणी केलं, यावर आपलं कधी एकमत झालं नाही. मी म्हणायचो, तू. तू म्हणायचीस, शेठाणीबाईंच्या नातवंडांनी. पेठेतल्या कापडवाल्या शेठची ममता त्या वर्षी अमेरिकेहून दोन पोरं घेऊन माहेरी आली होती. ऑक्टोबर संपत आलेला. पोरांनी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, कारण तिकडं त्याच आठवड्यात भुतांचा सण असतो, हॅलोविन म्हणून, आणि त्यांना मात्र इथं आणून ठेवलेलं. शाळेत पोरं आपल्या हातानं भुतांच्या आकाराची बिस्किटं करतात आणि ती यंदा बुडाली, हे मोठं दुःख. तू त्यांच्याकडं पापडाचं पीठ मागायला गेली होतीस. पीठ विसरलीस आणि दोन पोरं हाताला धरून घेऊन आलीस.

"अवो, ह्यांच्याकडं भुतांचा सण आसतो," तू दारातूनच म्हणालीस. "आपली पितरं मागल्या महिन्यातच जेवून गेली. ह्यांची उशिरा येत्यात वाटतं."

पोरांनी माझ्या लाल पेनानं भुताचं चित्र काढून दाखवलं. डोक्यावरून चादर आणि तिला दोन भोकं. तू ते चित्र हातात घेऊन किती वेळ बघत होतीस. "हे भूत? चादर पांघरून? थंडी वाजत आसंल बिचाऱ्याला." मग त्यांनी कोळी काढला, वटवाघूळ काढलं, काळी मांजर काढली. हे सगळं तू करायला निघालीस, तेवढ्यात शेठाणीबाई पोरांना शोधत आल्या. अंड्याचा प्रश्नच नव्हता, नानकटाईत अंडं कुठून येणार? पण जीवाच्या आकाराचं काही दातानं तोडायचं नाही, त्याचं पाप लागतं, असं त्यांच्या जैनांत आहे. साखरेचा हत्तीसुद्धा त्यांच्या घरात कुणी खात नाही. म्हणून कोळी गेला, वटवाघूळ गेलं, मांजर गेली. पोरांची तोंडं एवढीएवढीशी झाली.

"आन् बाई, भूत चालंल का?" तू विचारलंस.

शेठाणीबाई खांबाला टेकून विचार करत राहिल्या. त्यांच्या कपाळावर खरोखर आठ्या पडल्या होत्या. "भूत तर मेलेलंच असतं," शेवटी त्या म्हणाल्या. "त्याला परत काय मारणार? चालेल."

तू जी हसलीस! मी आतल्या खोलीत सहामाहीचे पेपर तपासत होतो. माझी रेघ कुणाच्या तरी उत्तरावरून वाकडी गेली.

आपल्याकडं बायका दिवाळीआधी मैदा, पिठीसाखर, वनस्पती तूप असं सगळं घेऊन बेकरीत जातात, तिथंच मळतात आणि भाजून डबा भरून आणतात. त्या रांगेत तू अमेरिकेची दोन पोरं घेऊन बसलीस. मला पिशव्या धरायला नेलं होतंस, नाहीतर मी कशाला आलो असतो? अंगणात गोणपाट टाकलं, परात मधे ठेवली. पिठाचा गोळा घ्यायचा, जरा लांबट करायचा, खाली शेपूट ओढायचं. करंगळीनं तोंड. दोन लवंगा टोचल्या की डोळे झाले. पाच वर्षांच्या पोरालाही जमेल असं. पोरगं डोळे टोचताना स्वतःची जीभ बाहेर काढायचं.

युसूफभाई बघायला आला. "ताई, हे काय?"

"भुतं."

"दिवाळीच्या तोंडावर माझ्या भट्टीत भुतं?" त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. रांगेतल्या बायकाही कुरकुरल्या. आमच्या बिस्किटांशेजारी तुझी भुतं नकोत गं बाई, म्हणाल्या.

"भट्टीत गेल्यावर भूत ऱ्हातंय व्हय?" तू म्हणालीस. "राख व्हईल न्हाईतर बिस्कीट व्हईल. घाला बिनघोर."

त्यानं सगळ्यात शेवटी घातली. तूप जास्त झालं होतं, त्यामुळं भुतं पसरली. बाहेर आली ती गुबगुबीत, एकमेकांना चिकटलेली, डोळे दोन दिशांना गेलेले. युसूफभाई पत्र्याकडं पाहून म्हणाला, "ताई, तुमची भुतं लई खाऊनपिऊन सुखी दिसत्यात." तू पोरांना नियम घालून दिलास, आधी डोळे काढायचे. लवंग दाताखाली आली तर तिखट लागते, हे खरं कारण. पण तू सांगितलंस ते वेगळंच. "डोळे काढलं की भूत आंधळं. आंधळ्या भुताला कोन भितंय?"

ती पोरं गेली अमेरिकेला. पुन्हा काही दिवाळीला आली नाहीत. पण आळीतल्या पोरांनी हे पाहिलं होतं. पुढच्या वर्षी नवरात्र संपायच्या आत दारात उभी, काकी, भुतं कधी? झालं. तिथून गेल्या वर्षापर्यंत एक दिवाळी चुकली नाही. चादरवाली भुतं तुला पटत नव्हतीच, तू आपली आणलीस. मुंजा शेंडीवाला. खवीस चौकोनी, कारण पोरांना तो तसाच पाहिजे होता. चकवा म्हणजे नुसतं कडं, फिरून फिरून तिथंच येणारं. आणि हडळ, उलट्या पावलांची. भट्टीत तिची पावलं पसरून एक व्हायची म्हणून तू ती लांब लांब करायचीस, बदकासारखी.

समोरची सोनी चार वर्षांपूर्वी बालवाडीत जायची. ओढ्याकाठच्या चिंचेवर हडळ राहते, असं तिच्या आजीनं तिला सांगून ठेवलेलं, म्हणून शाळेच्या वाटेवर चिंच आली की पोरगी बसकण मारायची. तिनं तुला विचारलं, हडळीची पावलं उलटी का? मी कान टवकारले. तू पीठ मळता मळता म्हणालीस, "म्हंजी ती निघून गेली तरी तिची पावलं मातीत घराकडं आलेली दिसत्यात. मागं ऱ्हाणाऱ्याला वाटतं, आली, आली." मग तू हडळ तिच्या हातात दिलीस. पोरीनं आधी डोळे काढले, मग पावलांपासून खात खात वर गेली. दुसऱ्या दिवशी चिंचेखालून एकटी शाळेत गेली.

यावरून मी तुझ्याशी किती भांडलो! मी विज्ञानाचा मास्तर. वर्गात घसा कोरडा करून सांगतो की भूत नसतं, आणि माझीच बायको घरी पोरांना हडळीचे पाय वळायला शिकवते. तू म्हणायचीस, "तुमी न्हाई म्हनता म्हनून पोराची भीती जाती का? त्यांच्या हातात द्या, खाऊ द्या, मंग जाती." मी म्हणायचो, हे शास्त्रीय नाही. तू म्हणायचीस, "सोनी गेली का न्हाई चिंचंखालून? तुमच्या शास्त्रानं किती पोरं गेली?" मग मी पेपर उघडून बसायचो. आज लिहिताना सुद्धा मला वाटतं, माझंच बरोबर होतं. आणि मग वाटतं, असेना का.

आपल्याला मूल नाही, हे आपल्यापेक्षा गावालाच जास्त आठवायचं. आपण दोघांनी त्यावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं. पण त्या भुतांच्या दिवशी घरात जी दंगल व्हायची, ती मला आवडायची, इंदू. तुला कधी सांगितलं नाही. तू ओळखलं असशील. पोरांचे तुपाचे हात दाराच्या चौकटीला लागायचे. मी फडकं घेऊन निघालो की तू ओरडायचीस, "ऱ्हाऊ द्या, तुमचं काय घेत्यात?" ते डाग अजून आहेत. खालचे सगळ्यात जुने, पोरं मोठी होत गेली तसे वर सरकलेले, आणि मधेच पुन्हा खाली, सोनीच्या वेळचे. मी आता जेवायला बसतो तो त्या चौकटीकडं तोंड करून.

आणि ते तुझं वचन. तुझं माहेर घाटमाथ्यावरच्या आहुप्याकडचं. देवराईतलं वाळकं लाकूडसुद्धा घरी आणायचं नाही, अशा मुलखात वाढलीस. मेलेलं माणूस लगेच जात नाही, चुलीपाशी घुटमळतं, दारात बसतं, कोण रडतंय ते बघतं, असं तू अगदी भाजीचा भाव सांगावा तसं सांगायचीस. मी विचारायचो, पुरावा काय?

"पुरावा पायजे? बरं. मी आदी गेले तर येऊनच दावते. पर मंग भ्यायचं न्हाई."

"नाही भिणार."

"आन् तुमी आदी गेलात तर?"

"तर मी येणार नाही. कारण भूत नसतं."

तू तोंड वाकडं केलंस, उजवा गाल आत ओढून, तुझ्या सवयीनं. "मेल्यावर बी वाद सोडनार न्हाईत."

तू आधी गेलीस. मेथीची जुडी निवडायला घेतली होतीस, अर्धी निवडून झाली होती. त्याच्यापुढचं मला लिहायचं नाही.

माझी अक्का आली, तिनं सगळं रीतीनं केलं. मी आडवा आलो नाही. तू जिथं होतीस तिथली फरशी पुसून घेतली, चाळलेलं पीठ पातळ पसरलं, दिवा ठेवला आणि वर बांबूची पाटी उपडी घातली. हे काही तुला सांगायला नको. सकाळी पाटी उचलायची, पिठावर कसलं पाऊल उमटलंय ते बघायचं, त्यावरून गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते ठरवायचं. या पिठावर मी वर्गात एक अख्खा तास घ्यायचो. वारा असतो, मुंग्या असतात, पाल असते, आणि सगळ्यात जास्त म्हणजे बघणाऱ्याचे डोळे असतात. पोरं माना डोलवायची.

सकाळी पाटी उचलली. सगळे वाकले. अक्का म्हणाली, "पाखराचं पाऊल हाय. ह्ये बगा, तीन बोटं." तुझा भाऊ म्हणाला, "न्हाई, गाईचा खूर हाय." ज्याला त्याला काही ना काही दिसत होतं. मी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. गुडघे टेकून पिठाला नाक लागेल इतका खाली गेलो. मला काही दिसलं नाही. पीठ पसरलं होतं तसं होतं, तू बेकरीत परातीत चाळायचीस तसं. मी पाखरू शोधत नव्हतो, गाय शोधत नव्हतो. मी तुझं पाऊल शोधत होतो, ते करंगळी वाकडी असलेलं. उलटं असतं तरी मला चाललं असतं. येणारं नसतं, जाणारं असतं, तरी मी ते येणारं म्हणून मानलं असतं, तू सोनीला सांगितलं होतंस तसं.

"ऊठ बाबा आता. पीठ पाण्यात सोडायचंय," अक्का म्हणाली. मी उठेना. लोकांना वाटलं, सरांना चक्कर आली.

मला तुझा राग येतो, इंदू. खोटं कशाला बोलू? येते म्हणाली होतीस. मी स्वयंपाकघरात बसून राहतो, गॅसपाशी, कारण चूल तर आपण कधीच काढली. दारात बसतो. रडतो सुद्धा, मुद्दाम, कोण रडतंय ते बघायला येशील म्हणून. भांडं वाजतं ते मांजरामुळं. पडदा हलतो तो वाऱ्यानं. मला प्रत्येक गोष्टीचं कारण माहीत आहे, हीच माझी जन्मठेप आहे. आयुष्यभर मला तुझ्याशी हा वाद जिंकायचा होता. आता हरायचं आहे, मनापासून हरायचं आहे, आणि हरवायला तू येत नाहीस.

आळीतली पोरं आता या बाजूला खेळत नाहीत. आधी वाटलं, सुतक आहे म्हणून. मग तेरावं झालं तरी आली नाहीत. एक दिवस नळावर सोनीच्या आजीचं बोलणं कानावर आलं. मी भिंतीच्या अलीकडं आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. "मूलबाळ न्हाई, सारा जीव दुसऱ्याच्या पोरांत. आसलीचा आत्मा सुटत न्हाई, बायांनो. हडळ हून बसली आसंल त्या घरात. पोरं तिकडं सोडू नगा." ज्या बाईच्या नातीची भीती तू घालवलीस, तीच बाई हे बोलत होती. बाहेर जाऊन तिला चांगलं सुनवावं, असं वाटलं. पण मी गेलो नाही. राग उतरला आणि मग मला त्या म्हातारीचा हेवा वाटला. तिच्या मते तू अजून या घरात आहेस. एवढं मला कुणी पटवून दिलं असतं, तर मी तिच्या पाया पडलो असतो.

आणि आता आज दुपारचं सांगतो. त्यासाठीच पुन्हा लिहायला बसलो.

हे लिहिता लिहिता मी मधेच उठून ओट्यावर येऊन बसलो होतो. फाटकापाशी सोनी उभी होती. तिसरीत आहे आता, दोन वेण्या घालते. शाळा सुटल्यावर घरी न जाता परस्पर आली असावी, पाठीला दप्तर होतं. फाटकाचा गज दोन्ही हातांनी धरलेला, पण पाय बाहेर, रस्त्यावर. डोळे माझ्यावर नव्हते. माझ्या मागं, आत, दाराच्या अंधारात बघत होती.

"सर, औंदा भुतं न्हाई का?"

"नाही गं. यंदा आपल्या घरात काही करायचं नसतं."

ती गेली नाही. गज सोडेना. मग एका दमात म्हणाली, "सर, काकी आता हडळ झाल्यात का?"

इंदू, तीस वर्षं मी शिकवतोय. हा प्रश्न मला किती पोरांनी किती तऱ्हेनं विचारला असेल. मला उत्तर द्यायला कधी क्षणही लागला नव्हता. पण आज नाही म्हणालो तर तू नाहीस. मला एकदाच, फक्त एकदा, म्हणायचं होतं, असेल गं पोरी, असेल आतच, हाक मारून बघ. ते शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण समोर ती गज धरून उभी होती, भीतीनं तिचे ओठ पांढरे पडलेले, आणि ती तुला भीत होती. तुला! तुझ्या हातची हडळ पावलांपासून खाल्लेली पोरगी. हे तुला सहन झालं नसतं.

"नाही सोने," मी म्हणालो. "भूत नसतं. काकी हडळ झालेली नाही. काकी कुठंच नाही आता."

आवाज माझा वर्गातला निघाला, खणखणीत. तू गेल्यापासून हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. अक्काजवळ नाही, तुझ्या भावाजवळ नाही, स्वतःशीसुद्धा नाही. आज फाटकातून रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो.

सोनीनं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं, सर खोटं बोलत नाहीत ना म्हणून. मग तिनं कडी काढली आणि आत आली. माझ्या शेजारून सरळ स्वयंपाकघरात गेली, दप्तर ठेवलं, फळीवरची लवंगांची बरणी शोधून काढली. जाताना नेहमीच्या सवयीनं तिचा हात चौकटीला लागला, तुझ्या पोरांच्या डागांवर. मी दारातच उभा होतो. तिला आता आत काहीच दिसत नव्हतं, म्हणून ती निर्धास्त होती. मलाही आत काही दिसत नव्हतं.

वाद मी जिंकलो, इंदू. आता तरी ये, आणि तोंड वाकडं कर.